करंट परत येतो तेव्हा

श्रावण लागला आणि आमच्या रंधा मशीनचा स्टार्टर गुणगुणायला लागला. मशीन चालू असताना शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, तिथे भिंतीवरच्या एका लोखंडी डब्याची कुरकुर कुणाला ऐकू येणार? मला ती हाताला कळली. मशीन थांबवायला लाल बटणावर बोट ठेवलं, तर डबा आतून थरथरत होता. काडेपेटीत भुंगा कोंडावा तसा.

पावसाची हवा, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं. गोव्यातल्या आमच्या साखळी गावात पावसाळ्यात सगळंच सर्दावतं. दारं फुगतात, ड्रॉवर अडकून बसतात, डब्यातले खिळे एकमेकांना धरून गंजतात. त्यात आमची सुतारशाळा वाळवंटी नदीपासून फार लांब नाही, आणि हवेत लाकडाचा भुसा बारा महिने असतोच. आठ दिवसांनी गुणगुण जाऊन तडतड सुरू झाली. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंप, मिक्सर लागले आणि व्होल्टेज उतरलं की जास्तच. मग एका दुपारी हिरवं बटण दाबलं तर मोटर नुसती कण्हली. फिरलीच नाही. पाच-सहा सेकंदांत रिले, म्हणजे करंट जास्त खेचला गेला की मोटर तोडणारा स्टार्टरमधला भाग, पडला आणि सगळं गप्प झालं.

चवथीला तीन आठवडे उरले होते. फळ्यावर खडूने लिहिलेल्या ऑर्डरी समोर दिसत होत्या: अकरा माटोळ्या, चार चौरंग, एका नव्या घराची देवघराची चौकट. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, तवशी आणि रानातली कितीतरी फळं-पानं बांधतात. भार मोठा असतो, म्हणून पट्ट्या सरळ आणि एकसारख्या जाडीच्या लागतात. हाताने रंधा मारून अकरा माटोळ्या होतात, पण तीन आठवड्यांत, दोन कामगारांच्या जोरावर, होत नाहीत.

मेन बंद केला, हँडल खाली असल्याची दोनदा खात्री केली, टेस्टर लावून पाहिला, आणि स्टार्टर उघडला. एकही वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढले आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर आकडा लिहिला. हे मी अनुभवाने शिकले आहे. मग आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला करंट जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच, काढून टेबलावर जुन्या पेपरवर ठेवला आणि त्याचे स्क्रू सोडले.

ज्याने कधी कॉन्टॅक्टर आतून पाहिला नाही त्याने एकदा तरी पाहावा. आत इंग्रजी ई अक्षरासारखे लोखंडाचे दोन तुकडे असतात, पातळ पत्रे एकावर एक रचून केलेले. एक तुकडा जागेवर पक्का, दुसरा स्प्रिंगवर सरकणारा. मध्ये तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. कॉइलला करंट मिळाला की पक्का तुकडा चुंबक होतो आणि सरकत्याला ओढून घेतो. सरकत्याच्या पाठीवर तीन पूल असतात, मोटरच्या तीन फेजांसाठी. ते जाऊन चिकटले की मोटर फिरते. करंट गेला की स्प्रिंग सरकत्याला मागे ढकलते आणि तिन्ही पूल एकदम उठतात.

पण आपला करंट एसी. तो सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्या प्रत्येक शून्याला चुंबकाची पकड सुटायला हवी आणि स्प्रिंगने सरकत्याला मागे ढकलायला हवं. तसं होऊ नये म्हणून चुंबकाच्या तोंडावर तांब्याची छोटी चौकोनी कडी बसवलेली असते. मुख्य चुंबकत्व शून्यावर येतं त्या क्षणी या कडीत उमटलेला करंट अजून जिवंत असतो, कारण तो थोडा मागून चालतो. तोच सरकत्याला पुढच्या लाटेपर्यंत धरून ठेवतो. आमच्या कॉन्टॅक्टरमधल्या दोन कड्यांपैकी एक तुटली होती. केसाएवढी भेग. मी ती नखाने चाचपली तेव्हा कळली. वर चुंबकाच्या तोंडावर तांबूस गंज चढलेला, त्यामुळे दोन तुकडे एकमेकांना नीट टेकतच नव्हते. इतके दिवस हाताला कळणारी गुणगुण म्हणजे सेकंदाला 100 वेळा सुटू पाहणारं आणि पुन्हा धरलं जाणारं लोखंड होतं.

मोटर का कण्हली तेही तिथेच दिसलं. प्रत्येक पुलाच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढी चांदीच्या मिश्रधातूची टिकली असते. सततच्या तडतडीने मधल्या पुलावरची टिकली जळून खालचं तांबं उघडं पडलं होतं, आणि तेही काजळीने भरलेलं. तीन फेजांपैकी एक मोटरपर्यंत पोचतच नव्हती. दोन फेजांवर थ्री-फेज मोटर जागची उठत नाही, नुसता करंट खेचते आणि तापते. रिलेने आपलं काम केलं होतं, मोटर वाचली होती.

दुसऱ्या दिवशी जुना कॉन्टॅक्टर पिशवीत घालून मी डिचोलीला गेले. तिथल्या एका दुकानात काउंटरवर तो ठेवला. दुकानदाराने उलटसुलट केला, पुसट झालेलं लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, "हे मॉडेल कधीच बंद झालं, बाय. आणि हवंय कशाला? मशीन डायरेक्ट कर. चांगला एमसीबी घाल आणि त्याच्यावरच चालव. खर्च कमी, कटकट नाही."

तो वाईट माणूस नव्हता. माझे पैसे वाचवायलाच बघत होता. असं सांगणारे गोव्यात पावलोपावली भेटतील. पण मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. मला त्याच्याशी वाद घालायचा नव्हता. वाद घातला असता तर रडू आलं असतं.

आमच्या मशीनला हा स्टार्टर 1994 साली बसला. त्याआधी मशीन डायरेक्टच होतं. मेन स्विचचं हँडल वर केलं की चालू, खाली केलं की बंद. मी सातवीत होते. जूनचे दिवस, शाळा नुकतीच सुरू झालेली. बाबा एका दाराच्या फळ्या काढत होते आणि करंट गेला. पावसात करंट जातोच. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, विडी ओढली. पाती थांबल्यावर त्यांना दिसलं की पात्याच्या तोंडाशी लाकडाचा एक कपचा अडकलाय. मशीन बंद आहे, पाती उभी आहेत, अंधारलेलं आहे. अशा वेळी हँडल वरच राहिलंय हे कुणाच्या डोक्यात येईल? त्यांनी हात घातला. आणि करंट परत आला.

पाती असलेला तो गोल दांडा पूर्ण वेगात मिनिटाला 4000 हून जास्त फेरे फिरतो. पूर्ण वेगात यायला त्याला सेकंद-दीड सेकंद लागतो, पण हाताला तेवढाही मिळाला नाही. उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. आई मला घराबाहेर येऊ देत नव्हती तरी मी पाहिलं. बाबांनी हात पंचात गुंडाळला होता आणि ते शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून शांतपणे म्हणत होते, "मेन बंद करा आधी. मेन बंद करा."

पंधरा दिवसांनी आमच्या वाड्यावरचे एक इलेक्ट्रिशियन काका आले आणि भिंतीवर हा डबा ठोकून गेले. मजुरी घेतली नाही. मी बघत उभी होते म्हणून त्यांनी मला झाकण उघडून दाखवलं. हिरवं बटण दाबलं की कॉइलला करंट मिळतो आणि चुंबक ओढतो. पण बटणावरून बोट काढलं तर ते मागे येतं, मग मशीन चालू कसं राहतं? तर त्या तीन मोठ्या पुलांच्या बाजूला एक छोटा चौथा पूल असतो. चुंबक ओढला गेला की तोही मिटतो, आणि मग कॉइलला करंट त्याच्यातून मिळतो. कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण ती वाट क्षणभर तोडतं, पकड सुटते. काका म्हणाले, "आता बघ हं," आणि मशीन चालू असताना त्यांनी मेन खाली ओढला. खटकन आवाज आला. मग मेन परत वर केला. मशीन उभंच. "करंट आलाय. पण त्याला वाट नाही. छोटा पूल उघडा पडलाय. आता माणसाने येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत हे फिरणार नाही."

शेतीपंपवाले या कॉइलला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. करंट गेला की सोडून देणारी कॉइल. तिचं मोठं काम तिच्या नावातच आहे, आणि तरी लोक ते विसरतात. कॉन्टॅक्टर मोटर चालू करतो म्हणून त्याची किंमत समजतात, आणि मोटर चालू करायला तर साधा स्विचही पुरतो. मी अशा सुतारशाळा पाहिल्या आहेत, पिठाच्या गिरण्या पाहिल्या आहेत, जिथे तडतडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या तोंडात लाकडाची पाचर ठोकून तो कायमचा दाबून ठेवलेला असतो. मशीन छान चालतं. करंट जातो, येतो, आणि मशीन आपलं आपण चालू होतं, कुणी त्याच्याजवळ वाकलेलं असो किंवा नसो. हे वाचणाऱ्या कुणाच्या स्टार्टरमध्ये अशी पाचर असेल तर हात जोडून सांगते, आज काढा.

शुक्रवारी मी म्हापशाला गेले. चवथीच्या आधीचा शुक्रवारचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "किती अँपियर?" मोटरच्या पाटीवरचे आकडे मी लिहून नेले होते: 5 एचपी, 415 व्होल्ट, साडेसात अँपियर. त्याने एक खोका पुढे केला. लेबलवर दोन आकडे होते, 9 आणि 25. "पंचवीसपर्यंत जातो हा, काळजी नको," तो म्हणाला. मी खूश झाले. साडेसात कुठे आणि पंचवीस कुठे. "कॉइल दोनशेवीसच ना?" त्याने पुढे विचारलं, आणि मी हो म्हटलं, कारण घरातलं सगळं दोनशेवीसवरच चालतं.

घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. त्यांचं वय आता चौऱ्याहत्तर. मशीनवर ते काम करत नाहीत, पण रोज सकाळी येऊन लाकडावर हात फिरवून जातात. मी खोका त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून कॉन्टॅक्टर उजेडाकडे धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही कॉइल दोनशेवीसची आहे. आपल्याला चालणार नाही."

"का?"

"आपल्या स्टार्टरला न्यूट्रल आहे का? आठव. किती वायरी येतात मीटरकडून?"

मी मोबाइलवरचा फोटो काढला. लाल, पिवळी, निळी आणि अर्थिंगची हिरवी. न्यूट्रलची काळी वायर नव्हतीच. थ्री-फेज मोटरला न्यूट्रल लागत नाही, म्हणून 1994 साली काकांनी तो ओढलाच नव्हता. कॉइल त्यांनी दोन फेजांमध्ये जोडली होती, आणि दोन फेजांमध्ये 415 व्होल्ट असतात. दोनशेवीसची कॉइल तिथे जोडली असती तर पहिल्याच दिवशी जळून गेली असती. तीस वर्षांपूर्वी बँडेज बांधलेला हात धरून बसलेल्या माणसाने समोर चाललेलं काम किती बारकाईने पाहिलं होतं, ते मला त्या संध्याकाळी समजलं.

मीटरकडून नवा न्यूट्रल ओढता आला असता. पण भिंतीतून, पावसात, चवथीच्या तोंडावर, त्यापेक्षा बरोबर कॉइल शोधणं सोपं वाटलं. कुणीतरी सांगितलं, फोंड्याला जा, तिथे पंपांचं काम करणारे आहेत. फोंडा महालात कुळागरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, कुळागरांत पंप, आणि पंपांच्या जुन्या स्टार्टरांत चारशेपंधराच्या कॉइली. हे ऐकताच पटलं.

फोंड्यात ते मोटर वायंडिंगचं दुकान एका गल्लीत होतं. दारातच वॉर्निशचा वास. आत उघड्या मोटरींच्या पोटात तांब्याची वेटोळी, भिंतीला वेगवेगळ्या जाडीच्या तारांची रिळं, आणि कोपऱ्यात एक वयस्कर गृहस्थ स्टूलवर बसून स्लॉटमध्ये तार बसवत होते. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही. मग माझा जुना कॉन्टॅक्टर घेतला, दोन स्क्रू काढले आणि थेट त्या तुटलेल्या कडीवर अंगठा ठेवला.

"कॉयल कितल्याची, बाय?"

"चारशेपंधराची."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आसा," म्हणाले.

जुनी कॉइलसुद्धा त्यांच्याकडे होती. ती या जुन्या कॉन्टॅक्टरात बसलीही असती. पण त्यांनीच नको म्हटलं. कडी तुटलेली आहे तोवर कितीही नवी कॉइल घातली तरी चुंबक थरथरणारच, आणि चुंबक पुरता मिटला नाही की कॉइल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढत राहते आणि जळते. मग ते टिकल्यांकडे वळले. "घासल्या होत्या?" मी कबूल केलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कामगाराने त्या काळ्या दिसल्या म्हणून पॉलिश पेपर मारला होता. त्यांनी मान हलवली. चांदी काळी पडली तरी करंट जाऊ देते. घासलं की काळेपणाबरोबर चांदीही जाते, आणि टिकलीवर असतेच किती.

म्हापशाचा खोका मी दाखवला तेव्हा त्या दोन आकड्यांचा उलगडा झाला. 25 हा आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी, लेबलवर त्याच्यापुढे एसी-1 लिहिलेलं असतं. मोटरसाठी वाचायचा आकडा एसी-3 चा, म्हणजे 9. मोटर उठताना आपल्या नेहमीच्या करंटच्या सहापट तरी ओढते, ते सोसण्याची ताकद त्या आकड्यात धरलेली असते. साडेसातला नऊ चालला असता, पण रंधा मशीन दिवसातून कितीदा चालू-बंद होतं ते विचारून त्यांनी बाराचा दिला. सोबत रिलेही नवा घ्यावा लागला. जुन्या रिलेचे तांब्याचे तीन पाय नव्या कॉन्टॅक्टरात बसेनात. पैसे देताना मी विचारलं की लोक डायरेक्ट करतात त्याचं तुम्हाला काय वाटतं. ते परत स्टूलवर बसले होते. तारेचं टोक दातात धरून त्यांनी फक्त डाव्या हाताचा पंजा वर करून मला दाखवला. पाचही बोटं होती. माझ्या बाबांविषयी मी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता.

रविवारी सकाळी बाबांनी स्वतः बसवतो म्हटलं. मी टॉर्च धरला. त्यांची स्क्रूड्रायव्हर धरायची रीत वेगळी आहे. तर्जनी अपुरी असल्यामुळे ते अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात मूठ धरतात आणि मधल्या बोटाचं आखूड टोक वरून टेकवतात. तीस वर्षं मी ते पाहते आहे, पण इतक्या जवळून त्या दिवशी पाहिलं. टोकावरची कातडी गुळगुळीत, चकाकणारी, तिच्यावर रेषा नाहीत. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर ते वायर ओढून पाहत होते. दुसऱ्या फेजची वायर किंचित हलली. ती काढून, टोक नव्याने सोलून, पुन्हा बसवली. सैल जोड तापतो, आणि तापलेला जोड आणखी सैल होतो, हे त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं, तरी परत सांगितलं. रिलेची चकती साडेसातवर आणली. डब्याच्या झाकणाला मी नवी रबरी पट्टी लावली होती, भुसा आत जाऊ नये म्हणून. ती त्यांनी दाबून पाहिली.

मेन वर केला. काही झालं नाही, आणि काही व्हायलाही नको होतं. बाबांनी हिरवं बटण दाबलं. एकच आवाज, खट्. मोटरने वेग घेतला, पात्यांची शीळ चढत गेली. मी डब्यावर तळवा ठेवला. थरथर नव्हती.

मग बाबा मला म्हणाले, "मेन ओढ."

मी ओढला. पात्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला, शेवटी दांडा एकदा अर्धवट फिरून उभा राहिला. पाऊस पडत होता तो ऐकू यायला लागला. दोन्ही कामगार काम सोडून बघत होते.

"आता वर कर."

मी हँडल वर केलं. करंट आला होता. मशीन हललं नाही. बाबा पात्याकडे बघत उभे राहिले. उजवा हात त्यांनी नकळत डाव्या काखेत घातला होता. एक मिनिट गेलं असेल, कदाचित जास्तच. मग त्यांनी हात बाहेर काढला, भिंतीपाशी टेकवून ठेवलेली फणसाची पहिली पट्टी उचलून माझ्या हातात दिली, आणि बटणापासून बाजूला झाले.